जीव भांड्यात

नळीताई गाडी चालवायला शिकली ती सासऱ्यांच्या स्कूलसमोरच्या दुसऱ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, आणि या गोष्टीचा उच्चार घरात गेल्या बारा वर्षांत कुणीही केला नव्हता. सासऱ्यांचं स्कूल काही वाईट नव्हतं. अर्ध्या गावाला त्यांनीच क्लच सोडायला शिकवलं होतं, लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणत. आणि अशा माणसाची सून रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि लायसन्स घेऊन आली. मास्तर रागावले असते, दोन शब्द सुनावले असते, तर प्रकरण त्याच दिवशी मिटलं असतं. पण त्यांनी लायसन्स हातात घेतलं, चष्मा वर करून पाहिलं, "फोटो बरा आलाय," एवढंच म्हणाले आणि परत दिलं. त्यानंतर त्यांनी तिला गाडीची किल्ली कधी दिली नाही, तिनेही कधी मागितली नाही.

ती पलीकडे का गेली, याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांच्या गाडीत शिकवणीच्या गाडीत असतात तसे दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. लग्न होऊन आल्या आल्या तिने चार दिवस त्यांच्याकडे शिकून पाहिलं होतं. त्या चार दिवसांत स्वतःचा ब्रेक दाबायची पाळीच तिच्यावर आली नाही. कुत्रं दिसलं की मास्तरांचा पाय खाली. सायकल दिसली की खाली. काहीच दिसलं नाही, तर आता काहीतरी दिसेल म्हणून खाली. पाचव्या दिवशी तिने डोकं दुखतंय असं सांगितलं, आणि ते दुखणं महिनाभराने समोरच्या स्कूलमध्ये जाऊन बरं झालं.

नळीताई हे नाव हॉस्पिटलातलं. ती तिथली यंत्रं दुरुस्त करायची, म्हणजे ऑक्सिजनची, वाफ द्यायची, रक्तदाब मोजायची, आणि सगळ्यात जास्त सक्शनची. पेशंटच्या घशात साठलेला कफ ओढून काढणारं ते मशीन. तिच्या एप्रनच्या खिशातून कायम कुठली तरी रबरी नळी डोकावत असे, त्यावरून वॉर्डातल्या सिस्टरांनी हे नाव पाडलं आणि ते घरापर्यंत आलं. नवऱ्याने लग्नाच्या आधी ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं तो पाहुण्यांना सांगायचा. नवरा चष्म्याच्या दुकानात होता आणि विनोद करायची त्याला दांडगी हौस होती.

पुढे मास्तरांनी वय झालं म्हणून स्कूल बंद केलं. दोन गाड्या गेल्या. तिसरी, सगळ्यात जुनी, दोन ब्रेकवाली, त्यांनी ठेवली. रोज सकाळी ते ती काढत, भाजीबाजारापर्यंत जात, चौकात जुने विद्यार्थी हात करत, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मास्तर काचेआडून मनसोक्त शिव्या घालत. कुणी वळताना दिवा दिला नाही, कुणी उजवीकडे बघितलं नाही, सगळ्यांची नोंद होई. सासूबाई गेल्यानंतर या एका फेरीवर मास्तर टिकून होते असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्या गाडीने धूर सोडायला सुरुवात केली.

आधी थोडा, निळसर, सकाळी चालू करताना. मग ॲक्सिलरेटर दाबला की भपकन. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली. दोन महिन्यांनी पुन्हा नेली, पुन्हा नापास. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. त्यातही नापास झाली तर नंबर रद्द, आणि गाडी सरळ भंगारात. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना पास करून आणलं, त्याच्या हातात दोनदा नापासाचा कागद पडला होता. मास्तर गप्प झाले. तसे ते घरात पूर्वीही फार बोलत नव्हते, पण आता त्यांनी रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना शिव्या देणंसुद्धा सोडलं, तेव्हा मात्र घर हबकलं.

"बाबा, नवीन छोटी गाडी बघू या का?" नवऱ्याने एकदा विचारून पाहिलं.

"तीत माझ्या बाजूला ब्रेक असणारे का?" मास्तरांनी विचारलं, आणि विषय संपला.

मेकॅनिककडे गाडी नेली तेव्हा नळीताई सोबत होती. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनच्या डोक्यावरून निघून हवेच्या पाइपात शिरणारी एक जाड रबरी नळी उपसून काढली आणि उलटी धरली. तिच्यातून काळं तेल टपटप गळलं.

"म्हातारं झालंय इंजिन," मेकॅनिक म्हणाला. "आत तेलाची वाफ होते, ती या नळीतून बाहेर पडते. ब्रीदर म्हणतात याला. ती वाफ फिरून हवेबरोबर परत इंजिनात जाते आणि जळते. तोच हा धूर. पूर्ण इंजिन खोलायचं म्हटलं तर मी नाही म्हणत नाही, पण मास्तर, त्यात काही राम नाही."

मास्तरांनी मान हलवली. नळीताईचं मात्र लक्ष त्या नळीवर होतं. नळी दिसली की तिचं लक्ष दुसरीकडे जात नसे.

"मग मध्ये जार का नाही?" तिने विचारलं.

"कसला जार?"

"अहो, आमच्याकडे पेशंट आणि पंप यांच्यामध्ये जार असतो. पेशंटकडून येईल ते जारमध्ये पडतं, पुढे नुसती हवा जाते. पंपाच्या तोंडी असलं काही गेलं तर दोन दिवसांत पंप बसेल. तुम्ही सरळ नळी जोडून मोकळे?"

मेकॅनिक हसला. "रेसच्या गाड्यांना लावतात तसलं काहीतरी. कॅच कॅन म्हणतात. या गाडीला कोण लावणार?"

"मी," नळीताई म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आशा होती की नुसतीच दमणूक, हे तिला कळलं नाही. पण परत येताना ते मागच्या रिक्षावाल्याला हलकेच काहीतरी पुटपुटले, आणि तिला जरा बरं वाटलं.

रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. स्वयंपाकघरातला चहापत्तीचा स्टीलचा डबा आधी गेला, कारण त्याचं झाकण आट्यांचं होतं आणि घट्ट बसायचं. त्यात जेमतेम दोन कप मावतील, पण बॉनेटखाली तेवढीच जागा होती. प्लास्टिकची बरणी तिने हातात घेऊन खाली ठेवली, इंजिनच्या उष्णतेने ती वितळली असती. झाकणाला दोन भोकं पाडली, त्यांत दोन पितळी नळ्या नट आणि वॉशर लावून आवळल्या. आत येणारी नळी लांब, डब्याच्या निम्म्यापर्यंत. बाहेर जाणारी आखूड, झाकणालगत. मध्ये आडवी जाळी हवी होती, तेव्हा चहाची गाळणी गेली. जाळीवर भांडी घासायची तारेची घासणी, नवी कोरी, कारण वाफ तारांना धडकली की तिचे थेंब होतात आणि खाली पडतात. लोकरीसारखी बारीक तार तिने घेतली नाही. तिचे तुकडे निसटून इंजिनात गेले असते.

"आता चहा काय डोळ्यांनी गाळायचा?" नवरा दारातून म्हणाला. "चालेल म्हणा, चष्मे आपल्याकडे भरपूर आहेत."

मास्तर खुर्ची ओढून जरा लांब बसले होते. तासाभराने उठले, अडगळीत गेले, आणि जाड बुचाची एक चकती घेऊन आले. डब्याच्या तोंडाबरोबर कापलेली, मधे स्वच्छ गोल भोक.

"झाकणाखाली बसव," ते म्हणाले. "रबर तेलाने फुगतं."

चकती केसभरही इकडेतिकडे न होता बसली. बारा वर्षांत सासऱ्यांनी तिच्या हातात दिलेली ती पहिली गाडीची वस्तू. हे तिच्या लक्षात आलं, पण तिने ते तोंडावर दिसू दिलं नाही.

शेवटी तिने खिशातून एक पोकळ पांढरा बॉल काढला. हॉस्पिटलने भंगारात काढलेल्या एका जुन्या जारमधला, उकळत्या पाण्यातून शेकडो वेळा निघालेला. सक्शनच्या जारमध्ये हा बॉल एका छोट्या पिंजऱ्यात, बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाखाली असतो. जार भरत आला की बॉल तरंगत वर येतो आणि टक् करून नळीचं तोंड बंद करतो, म्हणजे घाण पंपात जात नाही. बॉल नसलेला जार नळीताईच्या हातून कधी पास झाला नव्हता. एकदा रात्रपाळीच्या एका डॉक्टरला तिने या बॉलवरून अर्धा तास फैलावर घेतलं होतं. तेव्हा डब्यातही तिने पिंजऱ्यासकट बॉल बसवला. सिंकमध्ये डबा पाण्याने भरला, आखूड नळीला तोंड लावून हवा ओढली. टक्. पाण्याचा थेंबही वर आला नाही.

"हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"सुरक्षा," ती म्हणाली. "तुमचा कसा दुसरा ब्रेक, तसा."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण मास्तर बॉलकडेच बघत होते.

डबा इंजिनशेजारी पट्टीने आवळला, एक नळी ब्रीदरला, दुसरी हवेच्या पाइपाला. पहिल्या शनिवारी तिने तो उघडला तेव्हा आत तीनचार चमचे काळं तेल आणि थोडं पाणी होतं. मास्तरांनी डबा उन्हात धरून वाकडा करून पाहिला.

"हे सगळं मी आजवर तिला पाजत होतो?" ते म्हणाले.

दुसऱ्या शनिवारपर्यंत धूर निम्मा झाला. त्यानंतर तो शोधावा लागू लागला. मास्तर फेरीवरून परत आले ते एका ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि स्वयंपाकघरात नवरा-बायकोने एकमेकांकडे बघून सुस्कारा सोडला.

मग हॉस्पिटलात कसली तरी मोठी पाहणी आली. एकूणएक यंत्राला तपासल्याची नवी चिठ्ठी लागायची होती. तीन आठवडे नळीताई घरी फक्त झोपायला येत होती. डबा रिकामा करायचं काम तिने मास्तरांवर सोपवलं. दर शनिवारी, न चुकता. मास्तरांनी मान डोलावली. थंडी पडली होती. तरी ते दिवसातून चारचारदा गाडी काढत, कोपऱ्यापर्यंत जात, मागे वळून धूर दिसत नाही हे बघत आणि परत येत. लहान पोराने नवे बूट घालून घरभर फिरावं तसं त्यांचं चाललं होतं.

तपासणीच्या दिवशी तिने रजा टाकली. अकराची वेळ मिळाली होती. मास्तर चालवायला बसले, ती त्यांच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकच्या बाजूला. पायाशी तो ब्रेक बघून तिने पाय आखडून घेतले.

"बाबा, डबा रिकामा केलात ना?"

"सगळं व्यवस्थित आहे," मास्तर म्हणाले. मास्तरांसारखा माणूस सरळ प्रश्नाला असं गोल उत्तर देतो तेव्हा आपण थांबून परत विचारायला हवं. तिने विचारलं नाही.

पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर आधी वास आला. जळक्या तेलाचा. मग बॉनेटखाली फट् असा आवाज झाला आणि फटींतून पांढरा धूर उसळला. मास्तरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दोघं खाली उतरली. बॉनेट वर केलं तर आत सगळीकडे तेल उडालेलं. तेल मोजायची पट्टी आपल्या नळीतून उसळून बाहेर पडली होती आणि एका वायरला लोंबकळत होती. धुराड्याच्या तापल्या पाइपावर तेल चरचरत होतं.

मास्तरांनी डब्याची पट्टी सोडवली आणि झाकण फिरवलं. डबा भरलेला होता. आणि आत तेल नव्हतंच. दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं काहीतरी होतं, दाट, फेसाळ, पिवळट.

"तेलात पाणी," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "हेडचं गॅस्केट गेलं. इंजिनमधलं पाणी तेलात शिरलं म्हणजे संपलं सगळं. अशा दोन गाड्या मी भंगारात घातल्यात." ते फूटपाथच्या कडेला बसले, हात गुडघ्यांवर टाकून. "जाऊ दे. झालं तेवढं पुष्कळ झालं."

 आपण मारली, हाच पहिला विचार नळीताईच्या मनात आला. चांगली चालती गाडी होती, धूर सोडत का होईना. आपण चहाचा डबा घेऊन तिच्या पोटात हात घातला आणि मारली. आता हा माणूस उद्या सकाळी उठून काय करणार? पिशवी घेऊन चालत बाजारात जाणार आणि चौकात कुणी हात करणार नाही. तिला रडू येईल असं वाटलं आणि ती बॉनेटला धरून उभी राहिली.

पण हातांना सवय असते. वॉर्डात यंत्राने कितीही बोंब मारली तरी आधी पेशंटकडे बघायचं आणि मग यंत्राकडे, हे ती नव्या सिस्टरांना वीस वर्षं शिकवत आली होती. तिने लोंबकळणारी पट्टी पुसली, नळीत घातली, पुन्हा काढली आणि उजेडात धरली. पट्टीवर तेल होतं. थोडं कमी, पण काळसर, स्वच्छ. कॉफीचा मागमूस नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी तिने बाहेरूनच पाहिली. हिरवं पाणी रेघेच्या बरोबर वर, सकाळी होतं तिथेच.

"बाबा, इकडे या."

"काय बघायचं आता?"

"या तर खरं."

मास्तर उठले. तिने त्यांना पट्टी दाखवली, मग टाकी. मास्तरांनी पट्टी हातात घेतली, बोटांवर तेल चोळलं, वास घेतला.

"गॅस्केट गेलं असतं तर हे दुधाळ असतं," ते सावकाश म्हणाले. "आणि ते पाणी खाली गेलं असतं."

"मग गेलं नाहीये. डब्यातलं पाणी इंजिनमधलं नाही. श्वासातलं आहे. आमच्याकडे कृत्रिम श्वासाच्या मशीनवर पेशंट असला की नळ्यांमध्ये पाणी साठतं, वाटीवाटी. थंडीत तर फारच. म्हणून काय कुणी पेशंट फुटला म्हणतं? थंडीत तुम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होतात. इंजिन तापायच्या आत बंद. आत वाफ धरली, तिचं पाणी झालं, तेलात घुसळलं गेलं आणि ही कॉफी झाली."

"मग हे तेल का उडालं?"

यावर नळीताईने झाकण उलटं केलं. बॉल वर जाऊन बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडात घट्ट रुतून बसला होता. शंभर जारांमध्ये तिने तो असा बसलेला पाहिला होता आणि प्रत्येक वेळी शाबास म्हटलं होतं. ती बघत राहिली आणि हळूहळू तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "जार भरला, बॉलने नळी बंद केली. वॉर्डात हे बरोबर असतं. पंप वाचतो, सिस्टर येते, जार बदलते. पण इथे बंद केलं ते काय? इंजिनचं नाक! बिचारीने कुठून श्वास सोडायचा? पट्टी उडवून तिथून सोडला." आणि ती एकदम हसायला लागली. फूटपाथवर उभी राहून, तेलाने माखलेले हात लांब धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाबा, मी पेशंटचंच नाक दाबून ठेवलं हो!"

मास्तर आधी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. जीव भांड्यात पडला असं आपण सहज म्हणतो, पण त्या दोघांचा त्या क्षणी खरोखरच एका भांड्यात, दोन कपांच्या चहापत्तीच्या डब्यात, कॉफीत पडला होता.

हसू ओसरल्यावर तिला आठवलं.

"पण हा भरला कसा? दर शनिवारी रिकामा करायचा होता ना?"

मास्तर बुटांकडे बघू लागले. शिकाऊ माणूस सिग्नल तोडल्यावर बघतो तसे.

"साठवलं होतं," ते म्हणाले.

"साठवलं?"

"तीन आठवड्यांचं. आज पास झालो की तिथल्या साहेबांना उघडून दाखवणार होतो. म्हणजे बघा, केवढं पकडलंय, माझ्या सुनेने केलंय हे, तुमच्या इंजिनियरांना सुचलं नाही असं." त्यांनी नाक ओढलं. "चमचाभर काय दाखवायचं म्हणून ठेवलं."

नळीताईला कुठे बघावं कळेना. तिने डिकी उघडली आणि फडकी शोधायला लागली. बराच वेळ तिला फडकी सापडली नाहीत, खरं तर ती वरच होती.

पक्कड घेऊन तिने पिंजरा उपटला, बॉल पुसून खिशात टाकला. कॉफी रस्त्यावर ओतायला मास्तरांनी साफ नकार दिला, तेव्हा ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरली. तापला पाइप पुसला, रिकामा डबा पुन्हा जागेवर आवळला, तेलाची पट्टी आत दाबून बसवली, डिकीत मास्तर कायम ठेवत त्या डब्यातलं तेल ओतलं. गाडी पहिल्याच खटक्याला चालू झाली आणि दोघांनीही नकळत धरून ठेवलेला श्वास सोडला. पावणेअकरा झाले होते. मास्तरांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मग ते काढून मांडीवर ठेवले, पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले.

"तू चालव," ते म्हणाले.

हॉस्पिटलची सामानाची व्हॅन ती आठवड्यातून तीनदा चालवायची, तेव्हा तिला त्यात काही नवल नव्हतं. नवल किल्ली मिळाल्याचं होतं. दोघांनी जागा बदलल्या. तपासणी केंद्रापर्यंतच्या दहा मिनिटांत मास्तरांनी सात वेळा ब्रेक दाबला. एकदा एका पडलेल्या पिशवीसाठी. नळीताईने ओठ घट्ट मिटून ठेवले.

तपासनीस तरुण होता, कानटोपी घातलेला. त्याने धुराड्यात नळी खुपसली, नळीताईला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं, यंत्राकडे पाहिलं. मास्तर यंत्राकडे पाठ करून उभे होते, भिंतीवरचा अग्निशामक नळकांड्याचा तक्ता वाचत. तिसऱ्यांदा वाचत असावेत. तपासनीसाने परत दाबायला सांगितलं. परत पाहिलं. मग टेबलाशी जाऊन कागदावर शिक्का मारला.

"पास," तो म्हणाला. "मागच्या वेळी तर फारच वाईट होती. इंजिन उघडलंत?"

मास्तर वळले. त्यांनी कोटाच्या खिशातून ती बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"हे पकडलं," ते म्हणाले. "माझ्या सुनेने. चहाच्या डब्यात."

तपासनीसाने बाटली हातात घेऊन हलवली. "कॉफी आहे?"

"पिऊन बघू नका," नळीताई म्हणाली.

बाहेर आल्यावर मास्तरांनी कागद दोन्ही हातांत धरून वाचला, वरपासून खालपर्यंत, मागची बाजूसुद्धा. मग तिला दिला. तिने तो उजेडात धरला.

"शिक्का बरा आलाय," ती म्हणाली.

मास्तरांना कळलं. बारा वर्षांपूर्वीचं वाक्य ओळखीच्या माणसासारखं त्यांच्या समोर उभं राहिलं. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला.

"समोरच्याने तुला गिअर छान शिकवले," ते म्हणाले. "चढावर गाडी जराही मागे आली नाही. मी बघत होतो."

"तो चांगलाच होता हो," नळीताई म्हणाली. मग तिने ठरवलं की आज बोलायचंच. "पण मी तिकडे गेले ते तो चांगला म्हणून नाही, बाबा. तो ब्रेक दाबत नव्हता. तुमच्या शेजारी बसलं की मला वाटायचं, मला काही येतच नाही."

मास्तरांनी मान हलवली. टपावरची धूळ बोटाने पुसली.

"बाकीच्यांना इतका दाबत नव्हतो," ते म्हणाले. "तुझ्या वेळी फार दाबला. नवी सून घरात आलेली, आणि माझ्या गाडीत बसून तिला काही झालं तर? रात्री झोप लागायची नाही मला. तुला सांगायला हवं होतं. लाज वाटली." ते थांबले. "तुझ्या त्या बॉलसारखंच झालं. जपायला गेलो आणि नाकच दाबलं."

 नळीताईने किल्ली त्यांच्यापुढे धरली. मास्तरांनी ती घेतली नाही.

"तूच चालव घरापर्यंत," ते म्हणाले आणि वळसा घालून आपल्या बाजूला गेले.

ती बसली, आरसा नीट केला. शेजारी खुडबुड चालली होती. मास्तर बूट काढत होते. काढलेले बूट त्यांनी मागच्या सीटखाली ठेवले, पट्टा लावला, आणि मग एक पाय वर घेतला, दुसरा वर घेतला, आणि सीटवर जेवायला बसल्यासारखी ऐसपैस मांडी घातली. दुसरा ब्रेक खाली रिकामाच राहिला.

"चल," ते म्हणाले. "आणि तो पुढचा बघ, मूर्ख, दिवा न देता वळतोय."

फाटकाबाहेर पडता पडता एक कुत्रं आडवं आलं. मास्तरांचा गुडघा उडाला. त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. नळीताईने ब्रेक लावला, गाडी अलगद थांबली, आणि कुत्रं घाई न करता रस्ता ओलांडून गेलं.